सोन्याच्या टोपीखाली

लोलकाची सोन्याची टोपी काढल्यावर मोत्याच्या छिद्रातून पलीकडचा दिवा पूर्ण गोल दिसत होता. भिंगावरचा डोळा काढून तिने निवृत्त रत्नपारखी वडिलांकडे पाहिलं. राणीच्या मुकुटातला मोती काढून हा लोलक घडवला, असं त्यांनीच तीस वर्षांपूर्वी लिहून दिलं होतं. पण राणीच्या काळी मोती हाताने, दोन्ही बाजूंनी विंधत. मध्यावर दोन्ही छिद्रं नेमकी जुळायची नाहीत, दिवा अर्धाच दिसायचा. हा यंत्राने विंधलेला होता. "बाबा, तेव्हा वरची सोन्याची टोपी काढून पाहिली होतीत?" "मालकीणबाई नको म्हणाल्या. नाजूक काम गं." "की तुम्हालाच काढायची नव्हती?" वडील आधीच स्वच्छ असलेला चष्मा पुसू लागले. "उभ्या जन्माचं नाव मातीत घालशील?" तीन महिने संग्रहालयासाठीचा तिचा तपासणी अहवाल कोरा पडून होता, उद्या संग्रहालय मोती विकत घेणार होतं. तिने पेनाचं टोपण काढलं. "हा राणीचा मोती नाही, बाबा. मी तसंच लिहितेय."