शेवट तेवढा वाजवू नका

"वाजवूच नका असं नाही म्हणत मी, साहेब," दारातली बाई म्हणाली. "दुपारभर वाजवा. शेवट तेवढा वाजवू नका. तो जवळ आला की आमच्या आईचा श्वास अडकतो."

ती खालच्या मजल्यावरची शिंपीण. गळ्यात मोजपट्टी, बाहीला टाचण्या टोचलेल्या. हातातलं काम टाकून आलेली.

संगीतकाराने दार सताड उघडलं. आत एक टेबल, एक खुर्ची आणि अजून न उघडलेल्या दोन ट्रंका.

"बघा. राहायला येऊन चार दिवस झाले, पियानो अजून जुन्या घरीच पडलाय. वाजवू काय, टेबल?"

बाईने खोलीभर नजर फिरवली. तिचा चेहरा उतरला.

"मग रोज हे कोण वाजवतं?" असं म्हणून तिने हलक्या आवाजात एक ओळ गुणगुणली.

 ती ओळ म्हणजे त्याच्याच सिम्फनीच्या चौथ्या भागाची सुरुवात होती. त्याने ती कधी कागदावर उतरवली नव्हती, कुणाला ऐकवलीही नव्हती. पहिल्या तीन भागांच्या तालमी सुरू झाल्या होत्या, शहरभर त्याच्या नावाच्या जाहिराती लागल्या होत्या, आणि या चौथ्यापाशी त्याचं घोडं दोन वर्षं अडून बसलं होतं. एवढी एकच ओळ. पुढे ठार काळोख.

"आणि पुढे?" त्याने विचारलं.

"पुढचं मला नाही येत. मी तेव्हा मशीन जोरात चालवते. आईला येतं. अर्धांग झाल्यापासून ती बोलत नाही, पण हे गुणगुणते."

तो अनवाणीच जिना उतरला.

म्हातारी खिडकीशी पलंगावर पडली होती. तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे छताला लागलेले. पांघरुणावर एक बोट ठेका धरत होतं आणि नाकातून बारीक सूर निघत होता. वरून त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. म्हातारीला येत असावं. मधेच थांबून ती कान द्यायची आणि पुढची ओळ उचलायची.

कापायच्या टेबलावरचे कपडे बेतायचे खाकी कागद त्याने ओढले आणि स्वर लिहायला शिंपिणीच्या खडूने पाच-पाच रेघा मारल्या. बाहीचा कागद भरला, पाठीचा भरला, कॉलरचासुद्धा भरला. दोन वर्षं डोकं आपटून जे सापडलं नव्हतं, ते त्या वाकड्या तोंडातून सरळ बाहेर पडत होतं. त्याचे डोळे भरून आले. ते पुसायलाही त्याला उसंत नव्हती.

सूर आखूड होत गेला. दोन स्वरांमधली धाप वाढली.

"बस झालं, साहेब," शिंपीण म्हणाली. "रोज इथेच मी तिला हलवून थांबवते."

"थोडंच राहिलंय."

"अहो, तिचे ओठ बघा!"

ती पाण्याचा पेला घेऊन पुढे झाली. कागदावरची नजर न हलवता त्याने डावा हात आडवा धरला. पाणी सांडलं. उजवा हात लिहीतच राहिला.

शेवटच्या एका स्वरापाशी म्हातारी थांबली. तिने छतावरची नजर काढून पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिलं. राहिलेला स्वर कोणता हे गाणं शिकलेलं लहान पोरही सांगू शकलं असतं. तो त्याच्या तोंडून निघून गेला. मुद्दाम नव्हे, आयुष्यभराची सवय.

पांघरुणावरचं बोट थांबलं. छाती पुन्हा वर आली नाही.

शिंपिणीने आकांत केला नाही. रिकामा पेला तिने खिडकीत ठेवला, आईच्या डोळ्यांवरून हात फिरवला आणि पांघरूण नीट केलं. मग मान वर करून ती ऐकत राहिली. त्यानेही कान दिला. खालून एक गाडी खडखडत गेली, बाकी काही नाही.

"वर टाळ्या पडताहेत, साहेब," ती म्हणाली. "जा. लोक ताटकळलेत."