वॉल्टर हॅलोरनच्या बाजूनं

“गुडघा बरा झालाय ना हॅलोरनचा? मग हॅलोरनच खेळणार,” वॉल्टर झिलिन्स्की म्हणाला, आणि बेव्हच्या डायनरमध्ये पुन्हा एकदा हशा पिकला.

सोमवारची सकाळ. ईरी गावात रात्रभर बर्फ पडलं होतं, तरी एक टेबल रिकामं नव्हतं. गेल्या वर्षी अवघे दोन सामने जिंकलेली गावाची अमेरिकन फुटबॉलची टीम काल या हंगामातला दहावा जिंकली होती. टीमची प्रत्येक चाल ज्याच्या हातून सुरू होते तो चेंडू फेकणारा गडी, क्वार्टरबॅक हॅलोरन, पहिले दोन सामने हरून तिसऱ्यात गुडघा धरून बाहेर गेला, तेव्हा साऱ्या गावानं कपाळाला हात लावला होता. त्याच्या जागी ओकाफोर नावाचं तेवीस वर्षांचं पोरगं उतरलं आणि त्यानं हे सगळं घडवलं. आता हॅलोरन परतला होता. येत्या रविवारी चेंडू कोणाच्या हाती द्यायचा, यावर गावभर रण माजलं होतं. रण म्हणजे काय, सगळं गाव एकीकडे आणि वॉल्टर दुसरीकडे.

“नव्याचे नऊ दिवस असतात,” वॉल्टर म्हणाला.

“नऊ कधीच सरले, वॉल्ट!” टपाल वाटणारा लू काउंटरवरून ओरडला. “काल दहावा होता!”

वॉल्टर चिडला नाही. त्याचं लक्ष दाराकडे होतं. सव्वादहाला नील येणार होता. त्याच्यासाठी एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर सहा मुद्दे लिहून आणले होते.

नील प्रुइट लोकांची घरं गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करायचा. एके काळी तो वॉल्टरचा जावई होता. चार वर्षांपूर्वी वॉल्टरची लेक मार्सी त्याला सोडून ॲरिझोनाला गेली, आणि त्यानंतर या दोघांचं एकमेकांकडे काही काम उरलं नाही. ऑक्टोबरात एका सोमवारी इथंच अचानक गाठ पडली. बोलायला काहीच सुचेना, म्हणून वॉल्टर सहज हॅलोरनची बाजू घेऊन बोलला. नीलला ते पटलं नाही. अंडी गार झाली तरी वाद मिटला नाही. पुढच्या सोमवारी नील दारातूनच म्हणाला, “काय, अजून तेच म्हणणं?” तेव्हापासून वॉल्टरनं हॅलोरनला सोडलं नव्हतं.

नील आला. दाढीतलं बर्फ वितळत होतं. तो टेबलापाशी आला, पण बसला नाही.

“ये, बस,” वॉल्टरनं पाकीट उलगडलं. “सहा मुद्दे आहेत आज. कॉफी सांगितलीये तुझी.”

“राहू द्या, वॉल्टर. काल रात्री मी विचार केला. तुमचंच बरोबर आहे. शेवटी अनुभव तो अनुभव. हॅलोरनच पाहिजे.” त्यानं हात पुढे केला. “जिंकलात तुम्ही.”

लूनं शीळ घातली.

वॉल्टरनं हात हातात घेतला नाही. “असं कसं एकदम?”

“पटलं म्हणून.” नील घुटमळला. “आणि शनिवारी निघतोय मी. टेनेसीला. माझी मैत्रीण टॅमी, तिच्या भावाचं दुकान आहे तिकडं, माणूस हवाय त्याला. म्हटलं, जाताना भांडण बाकी नको.”

बेव्हनं दोन कॉफ्या आणून ठेवल्या. वॉल्टरनं एक उचलून नीलच्या बाजूला सरकवली.

“मग तू चुकतोयस,” तो म्हणाला.

“अं?”

“हॅलोरन कशाला? ओकाफोरच खेळला पाहिजे.” वॉल्टरचा आवाज चढला. “अंगावर दोन दोन रेडे लोंबकळत असतात, तरी पाय हलतात का त्या पोराचे? डावीकडून सुटलेला गडी त्याला आधीच दिसतो. आपल्याला टीव्हीवर दिसत नाही, आणि त्याला दिसतो! हॅलोरन तीन वर्षं डोळे मिटून फेकतोय. त्याचा गुडघा गेला हे टीमचं नशीब म्हण. आणि तू मला अनुभव सांगतोस?”

“अरे, म्हातारा पलटला!” लू ओरडला. दोघंतिघं हसले. मग त्यांनी वॉल्टरच्या तोंडाकडे पाहिलं आणि आपापल्या बशीत मान घातली.

नीलचा पुढे केलेला हात हळूहळू खाली आला.

“हे कधीपासून वाटतंय तुम्हाला?”

“पहिल्यापासून.”

वॉल्टरनं पाकिटाची घडी केली, मग आणखी एक घडी केली. कॉफीकडे बघत तो म्हणाला, “काल तो शेवटचा पास गेला ना, चाळीस यार्डांचा... मी खुर्चीतून उठलोच. उभा राहून टाळ्या वाजवल्या. मग थांबलो.”

“का?”

“रिकाम्या घरात फार मोठ्यानं वाजतात रे.”

नीलनं एका हाताचा मोजा काढला. दुसरा काढावा की नाही, ते काही त्याला ठरवता येईना.