परत करण्याचं कारण

"आई, परत करायला कारण निवडावं लागतं. मोडलंय का?" सुनेने मोबाइल पुढे धरला.

"कशाला मोडेल? मेलं अर्ध्या मिनिटात किलोभर कांदा चिरतं," कुमुदताई भाज्या चिरायच्या नव्या यंत्राकडे रागाने बघत म्हणाल्या.

पंचवीस वर्षांपूर्वी टीव्हीवर बघून त्यांनी फोनवरून असंच यंत्र मागवलं होतं. ते महिन्याने आलं, तेव्हा बिल्डिंगमधल्या अकरा बायका स्वयंपाकघरात मावेनात. पहिल्याच बटाट्याला पातं अडकलं. "कुमुद, टीव्हीतल्या त्या गोऱ्या बाईला फोन लाव, म्हणावं तूच ये चिरायला!" म्हणत सगळ्या हसत सुटल्या आणि चहाला म्हणून थांबलेल्या जेवूनच गेल्या.

काल हे नवं आलं, तेव्हाही कुमुदताईंनी ग्रुपवर त्याच अकराजणींना बोलावलं. "आहे हो माझ्याकडे," एकीने कळवलं. "माझ्याकडे दोन आहेत," दुसरीने. बाकीच्या नऊजणींनी नुसता अंगठा पाठवला.

"मग रंग आवडला नाही, असं लिहू?"

"लिही काहीही. पण न्यायला येणाऱ्याला सांग, घाईत येऊ नकोस. त्याला चालवून दाखवल्याशिवाय मी यंत्राला हात लावू देणार नाही."