नरच आणा

“आणायचं तर नरच आणा. मादी आणलीत तर आल्या पावली दौंडला परत धाडीन. दर साली पिल्लं कोण निस्तरणार?” करुणाबाईंनी नवऱ्याला चारदा बजावलं होतं.

दौंडला इब्राहिमच्या अंगणात कुत्रीची दोनच पिल्लं उरली होती. “नर काय, कुणीबी नेईल, मास्तर,” तो म्हणाला. “ह्या मादीला मातर कुणी हात लावीना.”

लहानपणी कबड्डीत कायम शेवटी निवडले गेलेल्या मच्छिंद्र मास्तरांनी मादी उचलली आणि निमोण्याला पोचेपर्यंत तिचं नाव शेरू ठेवलं.

“नर हाय ना?” बाईंनी दारातच विचारलं.

“म्हंजी काय,” मास्तर म्हणाले, पण आवाज चिरकला.

त्यानंतर आठवडाभर शेरूला अंघोळ त्यांनीच घातली आणि टॉवेलात गुंडाळून त्यांनीच मिरवलं. पिल्लू उताणं लोळायला लागलं, की ते हातातलं वर्तमानपत्र त्याच्या पोटावर पसरायचे.

आठव्या दिवशी दोघं त्याला लस टोचायला शिरूरच्या जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी कार्ड पुढं ओढलं. “नाव शेरू. नर का मादी?”

मास्तरांनी पिल्लाला छातीशी घट्ट धरलं.

करुणाबाई टेबलावर वाकल्या आणि मास्तरांनाही स्पष्ट ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाल्या, “मादी लिहा. पण मोठ्यानं वाचू नका, डॉक्टर. ह्यांना वाटतंय, मला म्हाईत न्हाई.”