आधी डिस्चार्ज करा

मेकॅनिकने मायक्रोवेव्हचं झाकण उचललं आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या तिचा चेहरा उतरला.

"गुरगुरतो, पण पाणी काही तापवत नाही," मेकॅनिक म्हणाला. आत्ताच त्याने कपभर पाणी ठेवून तो चालवून पाहिला होता आणि मग प्लग काढला होता. "हाय व्होल्टेज डायोड गेला असणार. किरकोळ काम आहे वहिनी, चेहरा असा पाडू नका."

नवरा टेबलाशी पेपर वाचत बसला होता. घरात काहीही बिघडलं की तो स्वतःच उघडून बसे. मेकॅनिक बोलावणं त्याला कमीपणाचं वाटे. आज मात्र त्याने तिला न सांगता हा माणूस बोलावला. बेल वाजली तेव्हा एवढंच म्हणाला, "बाही खाली घे. माणूस आलाय." तिने हातावरचे काळेनिळे वळ झाकले.

तिचे वडील हेच काम करायचे. लग्न होईपर्यंत तीही त्यांच्या शेजारी बसून करायची. प्लग काढला तरी आतला वीज साठवणारा कपॅसिटर भरलेला राहू शकतो आणि धडधाकट माणसाला आडवा करू शकतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मेकॅनिकचा हात डायोड सोडवायला थेट कपॅसिटरकडे निघाला. हा माणूस हसतखेळत मरणार, या विचाराने ती दोन पावलं पुढे आली.

"आधी डिस्चार्ज करा तो," ती कशीबशी म्हणाली.

पेपर जरासाही हलला नाही.

मेकॅनिक हसला. "अहो, चार्ज उतरवायला रेझिस्टर असतो त्याला. एव्हाना रिकामा झाला असेल बिचारा."

"तरी करा."

"घरी बायकोची बोलणी, इथे तुमची," असं म्हणत त्याने स्क्रूड्रायव्हरचं पातं कपॅसिटरच्या दोन्ही टोकांवर आडवं टेकवलं.

फाट्कन आवाज झाला आणि निळी ठिणगी उडाली. मेकॅनिक भिंतीला जाऊन टेकला.

"दोन पोरी आहेत मला," तो हळूच म्हणाला.

थोड्या वेळाने त्याने आत वाकून पाहिलं. "रेझिस्टरची तार तुटलीय. कापल्यासारखीच दिसतेय."

"जुना माल," नवरा म्हणाला. "गंजली असेल."

मेकॅनिकने डायोड काढला आणि मीटरला बॅटरी जोडून दोन्ही बाजूंनी तपासला. काटा कुठूनही हलेना. मग त्याने नवा डायोड बसवला, रेझिस्टरही बदलला. पाणी उकळलं.

निघताना त्याने तिला हात जोडले. "तुमच्यामुळे घरी चाललोय, वहिनी."

नवऱ्याने त्याला दारापर्यंत सोडलं, कडी लावली आणि परत येऊन पेपरची नीट घडी घातली.

"ती कापलेली तार मी रविवारीच झाकण उघडून पाहिली होती," तो शांतपणे म्हणाला. "त्याच्यासाठी बोललीस. माझ्यासाठी बोलली असतीस?"