लाल दिव्याचं मिनिट

“ए पळपुटी! भिंतीआडून बाहेर ये की!” शाल्मली गेमच्या माइकमध्ये ओरडली आणि माइकचा दिवा लाल झाला.

ती चमकलीच. या गेममध्ये शब्द ऐकणाऱ्याला खरंच लागला, की त्याच्या मनगटावरचा पट्टा ते ओळखून बोलणाऱ्याचा माइक मिनिटभर बंद पाडायचा. इतरांचे माइक सारखे बंद पडत; शाल्मलीचा कधीच नाही. आज सकाळीच तिने वर्गातल्या वादविवादात ठणकावून सांगितलं होतं, “गेममधल्या टोमण्यांनी कुणाचं काही बिघडत नाही. झेलमला विचारा, तिला मी रोज पळपुटी म्हणते!” झेलमही तेव्हा हसली होती.

मग आत्ताच काय झालं? शाल्मलीने माइक हलवला, फुंकला, टेबलावर आपटला. पडद्यावर झेलमचा सैनिक भिंतीआड नुसताच उभा होता.

“शालू,” कानात झेलमचा आवाज आला, “बाबांची बदली झालीय गं. रविवारी आम्ही नागपूरला चाललोय. महिनाभर तुला सांगायचं टाळतेय. पळपुटीच आहे मी.”

“महिनाभर?” शाल्मली किंचाळली, पण दिवा लाल होता, ते कुणाला ऐकू जाणार? ती खोलीत तरातरा येरझाऱ्या घालू लागली. दगाबाज, खोटारडी, आपमतलबी... एकेक शब्द तिने जिभेवर तयार ठेवला.

दिवा हिरवा झाला.

तिने माइक तोंडाजवळ ओढला. तो पुन्हा लाल झाला, तर आणखी एक मिनिट वाया जाणार होतं, आणि रविवार तर परवावर आला होता.

“ये बाहेर,” ती म्हणाली. “मी गोळी झाडत नाहीये.”