पाण्याची नळी

पडद्यावर पाण्याच्या नळीची रेघ वर चढली. वैजयंतीबाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

फ्लूच्या तपासणीत साठ रुग्णांच्या नळ्यांशेजारी त्या रोज एक नळी नुसत्या पाण्याची लावत. रेघ वर चढली म्हणजे नळीत विषाणू आहे; आणि तो पाण्यातच सापडला, तर शेजारच्या नळीतून उडालेला किंवा प्रयोगशाळेतल्याच कुणाचा. मग साठही निकाल बाद. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं.

“माझं काही चुकलं का, मॅडम?” नवी आलेली नसरीन दबकत म्हणाली. तिला बाईंनी अजून नळ्यांना हात लावू दिला नव्हता. नुसती नावं चिकटवायला बसवलं होतं.

दारावर बाईंच्याच अक्षरात पाटी होती: ताप असेल त्याने आत येऊ नये. सकाळी तापाची गोळी घेऊन त्या ती पाटी ओलांडून आल्या होत्या, कारण दुसऱ्या कुणाच्या हातांवर त्यांचा विश्वास नव्हता. नळ्या भरताना मास्क घसरला आणि एक शिंक निसटली, तेही त्यांना आठवलं.

“तुझं नाही,” बाई म्हणाल्या. मास्क उतरवून त्या खुर्चीत बसल्या आणि नाकात घालायची काडी तिच्या हातात दिली.

“माझा नमुना घे. मग मी घरी जाते. साठही नळ्या आता तू भर.”